यंत्राचा पहिला नमस्कार

उधना, सुरत
बुधवार

चि. सौ. सुवर्णा हिला ताईचे आशीर्वाद.

तुझे गुडघे आणि श्रीरंगरावांचा खोकला आता बरा असेल, असं धरून चालते. माझी तब्येत उत्तम आहे. (विचारलं नाहीस, तरी सांगते.) फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

मी संगणकाच्या वर्गात असेंब्ली शिकते, हे तुला ठाऊक आहेच. या भाषेत यंत्राला आपण होऊन काही म्हणजे काही समजत नाही. शब्द कुठे ठेवलाय, किती लांबीचा दाखवायचा, दाखवून झाल्यावर थांबायचं, असं नव्या सुनेलाही कुणी सांगणार नाही इतकं फोडून सांगावं लागतं. पहिला प्रोग्रॅम एवढाच, की यंत्राने पडद्यावर अभिवादन करावं. तर मागच्या आठवड्यात केतन सर (वय सव्वीस, दाढी नुकतीच) मला म्हणाले, "मासी, शनिवार तक नहीं चला तो आप सीनियरवाले मोबाईल क्लास में बैठ जाओ ने. उधर आरती का व्हिडिओ भेजना सिखाते हैं." एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या बाईला!

बाकी सगळ्यांनी 'हॅलो' लिहिलं. मी 'नमस्कार' लिहिलं. मराठी बोलले म्हणून कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी बाकावर खूप उभं केलंय. आता मी कुणाची परवानगी मागणार नव्हते. अक्षरं मोजली: न, म, स्का, र. लांबी चार लिहिली. पडद्यावर आला नुसता 'न', आणि पुढे काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह. सर खूश. "देखा? मशीन को मराठी नहीं आती. हॅलो लिख दो."

घरी येऊन मी लांबी एकेकाने वाढवत नेली, ब्लाउजपीस कमी पडल्यावर दुकानदाराकडून बोट-बोट वाढवून घ्यावं तशी. सहाला 'म' आला, नवाला 'स'. म्हणजे हे मेलं यंत्र प्रत्येक तुकड्याला तीन घरं अडवतं, आणि एकट्या 'स्का'चे स, पाय मोडल्याची खूण, क आणि काना असे चार तुकडे करतं! सात त्रिक एकवीस. एकवीस लिहिलं आणि अख्खा 'नमस्कार' उमटला. शनिवारी सरांनी स्वतः बोटांवर मोजून पाहिलं.

"मासी, इक्कीस कैसे?"

"मोजून," मी म्हटलं.

माझी जागा कायम राहिली.

तुझी,
सरस्वतीताई

ता. क. शाबासकी देता देता सर बोलून गेले, की 'या वयात ताईला झेपायचं नाही, मोबाईलवाल्यांत बसवा,' असा त्यांना तुमच्या चलथाणहून फोन आला होता. पुन्हा करू नकोस.

ता. क. दुसरा. मोबाईलच्या वर्गात माझ्यासाठी धरलेली जागा रिकामी राहिली. तिथे तुझं नाव दिलं आहे. सोमवारी, अकरा वाजता. फॉर्मवर वय विचारलं होतं. मी खरं लिहिलं.