इतर हक्कांचा रकाना

गुरुजी, तुमच्या घराच्या सातबाऱ्यावरून माझ्या बाबांचं नाव काल निघालं. 'इतर हक्क' या रकान्यात ते तीसेक वर्षं बसून होतं: बांधकामाच्या मजुरीचा दावा, निकाल लागेपर्यंत घर विकू नये. पुढे बाबा तारखांना जायचे थांबले, कोर्टाने दावा काढून टाकला, तुम्ही गेलात, बाबाही गेले. नोंद मात्र कोणी अर्ज करून कमी करेपर्यंत तशीच राहते, आणि अर्ज कोणी केलाच नव्हता.

नागरा रोडवरचं ते घर बाबांनीच बांधलं. स्लॅब गळायला लागला तेव्हा तुम्ही मजुरांसमोर त्यांना विचारलंत, "सिमेंट कुठे गेलं?" तरी शेवटची मजुरी तुम्ही अडवली नाहीत. शाळा सुटल्यावर ती कागदात गुंडाळून माझ्या कंपासपेटीत ठेवलीत आणि म्हणालात, सरळ घरी जा. मी सरळ घरी गेले. बाबांनी पैसे न मोजताच बंडीच्या खिशात टाकले. अपमान मात्र त्यांना पचला नाही. आठवड्याने ते वकिलाच्या मुन्शीला भेटून आले आणि माझ्यापुढे कोरा कागद ठेवला. "लिव, शेवटची मजुरी भेटली नाही म्हणून." मी म्हटलं, "पण बाबा, मीच तर आणून देल्ली." "लिव म्हटलं ना. काऊन काऊन करू नको." मी चुलीजवळ बसून लिहिलं. तुम्ही स्वतः तासून दिलेल्या बोरूने माझ्या अक्षराला जे वळण लागलं होतं, त्याच अक्षरात. खाली बाबांनी अंगठा उठवला. अक्षर छान आलं म्हणून मला तेव्हा बरंही वाटलं, ही माझी लाज.

नोटिशीसोबत त्या कागदाची नक्कल तुमच्याकडे पोचली. दुसऱ्या दिवशी वर्गात तुम्ही माझी वही बघितलीत, परत दिलीत आणि हळू आवाजात म्हणालात, "अक्षर चांगलं आहे. लिहिल्यावर वाचून पाहत जा." बस, एवढंच. पैसे दिल्याची साक्षीदार मी एकटी होते आणि कोर्टात तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत. गावभर झालं, गुरुजीने गवंड्याची मजुरी बुडवली. मला वाटलं, सुटले. आता तुमचा रागच येतो. एकदा नाव घेतलं असतंत तर बाबांचा मार खाऊन मी मोकळी झाले असते.

गेल्या वर्षी, तुमच्या मागे राहिलेल्या काकू माझ्याकडे आल्या. घर विकून त्यांना देवरीला मुलीकडे जायचं होतं. गळक्या खोल्यांत एकटीने राहणं होत नव्हतं. पण गिऱ्हाईक सातबारा बघून परत गेलं होतं. तलाठी म्हणाला, "कोर्टाचा पुराना रेकॉर्ड भेटंल तेव्हा भेटंल. दावेदाराच्या वारसानं संमती देल्ली तर काम लवकर होते." बाबांची वारस मी एकटीच. आज येते, उद्या येते करत मी अख्खा पावसाळा घालवला, आणि तो काकूंनी त्या छताखाली काढला.

शेवटी तहसील कार्यालयाच्या बाकावर आम्ही दोघी बसलो. संमतीपत्रावर लिहिलं होतं, दावा निकाली निघाल्यामुळे माझी हरकत नाही. पैसे मिळाले की नाही, याबद्दल त्यात अक्षर नव्हतं. मी सही केली तोच काकूंनी माझं मनगट धरलं. "एक सांग बाई. यायनं तुया बापाले पैसे देल्ले होते का नाही? देल्ले म्हणत, पण कोणाच्या हाती ते मरेपर्यंत सांगतलं नाही. लोकायचं सोड, मले माहीत पाहिजे." मी कागदावरून नजर न उचलता म्हटलं, "मी लहान होती काकू. मले काही माहीत नाही." त्या "बरं" म्हणाल्या. मग पिशवीतल्या डब्यातून मुरमुऱ्याचा लाडू काढून माझ्या हातावर ठेवला. मी तो खाल्ला.

कोणाची हरकत आहे का, यासाठी पंधरा दिवसांची नोटीस लागते. काकू अकराव्या दिवशी गेल्या, त्याच घरात.

आता रकाना कोरा आहे. हे पत्र लिहून झाल्यावर मी वाचून पाहिलं; सगळं खरं आहे. पण तुमच्या नावाने लिहिणं सोपं होतं, गुरुजी. तुम्हाला तर माहीतच होतं.