सहा बोटं पाणी

२४ एप्रिल

प्रिय आचो,

जुले. घरी सगळे ठीक. आबांचा गुडघा अजून वाकत नाही, पण बसल्या जागेवरून सगळ्यांना कामाला लावतात. तू जम्मूत नीट जेवतोस ना?

उद्या पहिला नांगर. यंदा वरची शेतंही पेरायची ठरलीत. गाव खुशीत आहे. मी मात्र नाही.

तुझ्या जागी मार्चमध्ये खिंडीवर बर्फ मोजायला मी गेले होते. काठी रोवली, बर्फ कमरेच्या वर. मग आबांनी शिकवल्याप्रमाणे डबा भरून घेतला. बर्फ कितीही उंच साचो, वितळल्यावर डब्यात किती बोटं पाणी उरतं, त्यावरच यंदा पाणी वरच्या शेतांपर्यंत पोचेल का, ते आबा सांगतात.

चुलीपाशी सहा बोटं भरली. गावातले म्हातारे मेमे सोनम हसले, "पोरगी पायगुणाची निघाली! भाऊ जायचा तेव्हा चारच्या वर कधी नाही." शेजारच्या यांगडोलचं एकच शेत, तेही वर. तिने माझे हात धरले. "तीन वर्षं पडीक आहे गं. बियाण्याची शेवटची गोणी उरलीय. घालू ना?"

मी म्हणाले, "घाल."

आचो, उतरताना माझा पाय घसरला आणि डबा सांडला. परत चढायला तीन तास लागले असते, ढग येत होते. नाही, ढग नव्हते. मी दमले होते. आपल्या भिंतीमागे छतावरून लोटलेला बर्फ होता, दबून जड झालेला. तोच भरला.

आबांनी त्या पाण्यातून गवताची एक काडी काढली. छतावर चारा असतो, खिंडीत गवत कुठलं? त्यांनी ती गुपचूप चुलीत टाकली. मला पाठीशी घातलं, की मी बोलण्याची वाट पाहिली? महिनाभर हाच घोर. आज सकाळी विचारलंच.

"नांगर उद्या आहे," ते म्हणाले. "उद्याचा दिवस अजून उजाडलेला नाही."

पत्र इथेच थांबवते. आधी यांगडोलकडे, मग मेमेंकडे जाते. तिने गोणीची शिवण उसवली नसेल तर बरं. खिंडीतल्या बर्फात किती बोटं पाणी होतं, ते मला ठाऊक नाही. एवढंच सांगायचंय, आणि तेवढंच तोंडातून निघत नाहीये.

पुढच्या वर्षी काठी माझ्या हाती देतील का?

दार उघडून, चपला घालून बसलेली,
तुझी कुंझेस