पलीकडच्या घरचं सूप

३ मार्च

— मीठ टाकलंच नाही. हात बरणीपर्यंत गेला, मी तो मागे घेतला. दुधी, कोबी, पाणी, वर नावापुरती मसूर. रंग फडकं पिळलेल्या पाण्याचा. वाडगा सासऱ्यांसमोर ठेवला आणि समोरच्या खुर्चीत बसलो.

काल त्यांचे उरलेसुरले दात काढले. हिरड्या भरेपर्यंत कवळी नाही आणि कवळी येईपर्यंत चावणं नाही. म्हणजे दोन्ही वेळा सूप. बायको कामावर, मी घरी. म्हणजे सूप माझं.

पहिला चमचा गेला. ओठ आत वळले, हनुवटी नाकाला भेटायला निघाली. बराच वेळ काहीतरी घोळलं. घोळण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"जावईबापू, गॅस संपला होता का?"

"नाही. का?"

"भाज्या नुसत्या आंघोळ करून आल्यासारख्या वाटतात."

दात नसल्याने शब्द ओले येतात. टोमणा मात्र कोरडा.

४ मार्च

कारण लिहून ठेवतो. उद्या स्वतःलाच खरं वाटायचं नाही.

सासरे राहतात ती इमारत पाडणार आहेत. एप्रिलपासून त्यांना मुलाकडे तरी राहायचं आहे, नाहीतर मुलीकडे. "या की, तुमचंच घर आहे," असं दोन्ही घरांनी एका सुरात म्हटलं आणि लगेच एकमेकांकडे पाहिलं. माझी बायको बस आगारात वेळापत्रकं आखते. तिने बापाचंही आखलं. एक आठवडा इकडे, एक आठवडा तिकडे, आणि महिनाअखेर त्यांनी ठरवायचं.

आमच्या घरात एकच खोली मोकळी आहे. ती मोकळी नाही, ती माझी आहे. एक टेबल, एक खिडकी आणि लागणारं दार. तिथे बसून मी दुसऱ्यांची पुस्तकं दुरुस्त करतो. सासरे आले की टेबल बोळात जाईल, चपलांच्या कपाटाला खेटून. चपलांच्या वासात लोकांची वाक्यं तपासायची वेळ माझ्यावर येऊ नये.

म्हणून मीठ नाही. पाहुण्याला उपाशी ठेवणं हे पाप. बेचव खाऊ घालणं हा नुसता हातगुण.

६ मार्च

आज पालक उकळला, फक्त पालक. "लहानपणी तळ्यात पडलो होतो, त्याची आठवण झाली," म्हणाले. संपवलं मात्र.

८ मार्च

सासरे निवृत्त बॉयलर तपासनीस. जन्मभर कारखान्यांतून हिंडून नापास करत आले. माझ्या पातेल्याकडे लांबून बघतात आणि आता सील ठोकणार असं तोंड करतात.

जेवताना हल्ली हातरुमाल तोंडाशी धरतात. नवीन खोड. त्यामुळे चेहरा दिसत नाही, सूप किती वाईट झालंय याचा अंदाज लागत नाही. मी खुर्ची थोडी बाजूला घेतली. तिथून दिसतं.

संध्याकाळी बायकोने चमचाभर चाखलं.

"हे काय आहे?"

"पथ्याचं."

"पथ्य दातांना सांगितलंय. जिभेला नाही."

९ मार्च

मेहुणा गाडी घेऊन आला. सासरे तिकडे गेले. खोलीचं दार लावून घेतलं.

१३ मार्च

बायकोबरोबर मेहुण्याकडे गेलो. सलज, म्हणजे मेहुण्याची बायको, घरीच पडदे शिवते. बाहेरची खोली कापडाच्या ताग्यांनी भरलेली. मधोमध कापायचं लांबलचक टेबल. सासरे इकडे आले तर त्यांची खाट नेमकी त्या टेबलाच्या जागी येईल.

सासऱ्यांसमोर वाडगा होता. मी वाकून पाहिलं. कॉर्नफ्लोअरची खळ. वर गाजराचा एक काप, कागदाला तिकीट चिकटवावं तसा.

"वहिनी, मीठ कमी वाटतंय."

"डॉक्टरांनी सांगितलंय ना, भाऊजी."

"डॉक्टरांनी?"

"तुमच्याकडे नव्हतं सांगितलं?"

तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. दोन चोर एकाच भिंतीला दोन बाजूंनी भोक पाडताना समोरासमोर यावेत, तसं झालं. मग ती पुन्हा मशीनवर बसली. मेहुण्याने फोनमधून मान वर केली नव्हती, तेव्हा खाली घालायचा प्रश्न नव्हता. सासरे भिंतीकडे तोंड करून खळ खात होते.

गाडीत बायको म्हणाली, "बाबा बारीक झालेत."

मी म्हटलं, "वय."

१६ मार्च

सासरे परत. मी बटाट्याचं पाणी पुढे ठेवलं. चमचा हातात धरून बसून राहिले.

"काय झालं?"

"काही नाही. काल सुनेने नळ्यांचं सूप केलं होतं."

"कुणी?"

"सुनेने. मटणाच्या नळ्या, राजमा, गाजर. रात्री स्वप्नातसुद्धा तेच."

मग ते माझं पाणी निमूटपणे प्यायले. बोलले असते तर बरं झालं असतं.

१७ मार्च

आनंद व्हायला हवा. सलजेने माघार घेतली, नळ्या आणल्या, म्हणजे सासरे तिकडेच जाणार आणि खोली वाचली. सकाळपासून तीच तीन पानं वाचतोय, एक स्वल्पविराम हलला नाही.

नळ्या! तिला? जिच्या घरी पाणीसुद्धा करपतं, तिला?

संध्याकाळी खाटकाकडे गेलो. "सुपाला का? मग मानेचं मटण घ्या बरोबर. नळ्यांनी चव येते, पोट नाही भरत." दोन्ही घेतलं. राजमा भिजत घातला. हे सगळं फक्त माहितीसाठी आहे, असं स्वतःला सांगितलं.

१८ मार्च

नळ्या तव्यावर भाजून घेतल्या. त्याच चरबीत कांदा, जळण्याच्या अलीकडे आणून थांबवला. मटण मंद आचेवर, पाणी फक्त बुडेल इतकं, झाकण किंचित उघडं. राजमा वेगळा शिजवला, निम्मा घोटून मटणात घातला, निम्मा अख्खा ठेवला. गाजर आणि सलगम नंतर, कोबी अगदी शेवटी, नाहीतर त्याचा वास सगळ्यांच्या डोक्यावर बसतो. मटण काट्याने पिंजून इतकं मऊ केलं की हिरड्यांनाही झेपावं. मिरी. आणि मीठ.

वाडगा ठेवला. समोर बसलो.

पहिला चमचा. चमचा हवेत थांबला. मग दुसरा, तिसरा. ओठांच्या कडेने थेंब ओघळला, तो त्यांनी घाईने पुसला. दुसरा वाडगा मागितला. तोही गेला. मी वाट पाहत होतो.

"कसं झालंय?"

"गरम आहे."

"चवीला?"

"बरं आहे. सुनेचं जरा दाट होतं."

१९ मार्च

दाट केलं. जव घातले. चमचा उभा राहिला असता.

"हं," म्हणाले.

हं!

२१ मार्च

मसूर आणि मटणाचं. बायकोने दोन वाडगे घेतले आणि विचारलं, "हे सगळं लग्नाच्या आधी का नाही दाखवलंस?"

सासऱ्यांनी आज खुर्ची खिडकीकडे वळवली. ऊन घेत असतील. मी माझी खुर्ची खिडकीपाशी नेली.

"जावईबापू, तुम्हाला काम नाही का?"

"आहे की."

"मग करा."

मी म्हटलं, "तुमचं आटोपू दे आधी." त्यांनी अर्धा वाडगा ठेवला. मिरी जास्त झाली बहुतेक.

२५ मार्च

सासरे परवापासून तिकडे. दुपारी सलजेचा फोन.

"भाऊजी, तुम्ही त्यांना घालता तरी काय? आल्यापासून एकच चाललंय. जावयाचं कोंबडी आणि चवळीचं सूप, जावयाचं कोंबडी आणि चवळीचं सूप."

"मी कोंबडी केलीच नाही."

"केलीच नाही?"

मी विचारलं, "तुम्ही नळ्या कधी आणल्या होत्या?"

"परवा."

"त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी कशाला आणू? माझी खळ चांगली चालली होती की."

तिच्याकडे मागे मशीनचा आवाज नव्हता. म्हणजे गॅसपाशी उभी असणार.

"म्हातारा बेरकी आहे," ती म्हणाली. "दोन्हीकडून झोडतोय."

"मग थांबवू या?"

"थांबवू या. उद्यापासून खळ."

"माझंही पाणी."

"ठरलं." मग जरा थांबून, "भाऊजी, राजमा तुम्ही मटणात शिजवता की वेगळा?"

मी सांगितलं नाही.

२६ मार्च

इकडे नाहीत ते, तरी राजमा भिजत घातला. बोळात टेबल बसतं का ते सहज बघून आलो. बसतं. चपलांचं कपाट बाहेर ठेवता येईल.

२८ मार्च

बायको म्हणाली, "बाबा इकडे आले तर तुझ्या खोलीचं काय?" मी म्हटलं, "होईल काहीतरी." तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

३० मार्च

आज सगळे आमच्याकडे. निकालाचा दिवस.

पहाटेपासून पातेलं गॅसवर. नळ्या, मान, राजमा, चवळी, जव, सगळ्या भाज्या. सलज आली ती दोन्ही हातांत फडक्यात बांधलेलं पातेलं घेऊन. "खळ का?" मी विचारलं. "तुमचं पाणी बघू," ती म्हणाली. दोन्ही झाकणं उघडली. दोघंही खोटारडे निघालो.

सासऱ्यांनी वाडगा उचलला. एक डाव तिच्या पातेल्यातला, एक माझ्यातला, एकाच वाडग्यात. सलज अर्धवट किंचाळली. मग वाडगा घेऊन ते माझ्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

आम्ही चौघं टेबलाशी बसून आतला चमचा ऐकत होतो. मेहुण्यानेही फोन खाली ठेवला होता. मी दाराकडे उठून गेलो. बायको म्हणाली, "बस."

बऱ्याच वेळाने बाहेर आले. वाडगा चाटूनपुसून साफ.

"मी मुलाकडे राहतो," म्हणाले.

"का?" हे मी विचारलं. बायकोने नाही, मी. आवाजही नको तितका वर गेला.

"जावईबापू, सूप तुमचं उजवं आहे. खोटं कशाला बोलू. सुनेला राग आला तरी चालेल."

"मग?"

"तिकडे ही मशीनवर असते. पोरगा फोनात. जेवताना माझ्या तोंडाकडे कुणी बघत नाही."

सासऱ्यांनी हनुवटी पुसली. तिच्यावर काही नव्हतं.

"तुम्ही रोज समोर बसता," म्हणाले. "मी रुमाल धरला तर खुर्ची हलवता. पाठ फिरवली तर खिडकीत येता. बोळकं आहे हो ते. बघण्यासारखं काय आहे त्यात?"

मी चवीसाठी बघत होतो, असं सांगणार होतो. ते पहिल्या आठवड्यापुरतं तरी खोटं होतं.

सलजेने आपल्या पातेल्यावर झाकण ठेवलं. "टेबल हलवते मग," नवऱ्याला म्हणाली. "भिंतीपाशी खाट लावू."

३१ मार्च

सकाळी मेहुणा आला, सासऱ्यांची इकडे राहिलेली ट्रंक आणि गादी घेऊन खाली गेला. खोली मला राहिली. उरलेलं सूप डब्यात भरलं आणि दारात सासऱ्यांना दिलं, त्यांच्या तोंडाकडे न बघता. त्यांनी डबा घेतला.