आमच्या घराण्याची जुनी रीत

साकाता, डिसेंबरचा दुसरा आठवडा

तीर्थस्वरूप फुमिएताईस,

धाकट्या काझुएचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? निइगाताकडे यंदा बर्फ लवकर पडलं असं बातम्यांत ऐकलं, तेव्हा आधी तुझा गुडघा डोळ्यांपुढे आला आणि मग भावोजींचं छप्पर (हा क्रम त्यांना सांगू नकोस). तू पाठवलेला खारा सामन मासा पोचला. डोकं मी खाल्लं, बाकीचा सगळा आमच्या सुन्निवाने.

तिच्याबद्दल तू फोनवर विचारलंस, पण तेव्हा ती शेजारीच बसलेली होती, म्हणून मी नुसतं हूं हूं केलं. आता सविस्तर लिहिते. मुलगी नॉर्वेची, अकरावीतली, जपानी शिकायला वर्षभरासाठी आमच्या घरी राहतेय. स्वभावाने गरीब, उंचीने दाराच्या चौकटीएवढी (चौकटीला मी टॉवेल गुंडाळलाय). घरात परदेशी मूल ठेवायचं खूळ ह्यांचं. पतपेढीतून निवृत्त झाल्यावर ह्यांनी मार्चमध्ये गावच्या मैत्री मंडळात नाव देऊन टाकलं, आणि एप्रिलमध्ये, घरकामात मदत म्हणून, माझी लोणच्याची बरणी धुतली. हो ताई, तीच. आईच्या घरून आणलेला, भाज्या मुरवायचा, रोज हाताने ढवळून जिवंत ठेवलेला तो आंबवलेला तांदळाचा कोंडा ह्यांनी बागेत ओतला, बरणी साबणाने घासली, उन्हात पालथी घातली आणि शाबासकीसाठी माझ्यापुढे येऊन उभे राहिले. तुला हे आजवर सांगितलं नाही, कारण तू रडली असतीस. मी रडले नाही. मी बोलणं बंद केलं. मग ह्यांनीही केलं (एवढी चकाकणारी बरणी बघून बायको फुगते म्हणजे काय, म्हणून). सप्टेंबरात मुलगी यायची वेळ झाली, तरी मंडळाला ‘नको’ म्हणून कळवायचं तर आधी आपसांत बोलायला हवं होतं. तेव्हा ती आली.

पहिल्याच जेवणाला मी तिला म्हटलं, “त्यांना सांग, सोयाची बाटली इकडे सरकवा.” तिला वाटलं, भाषेचा अभ्यास चाललाय. ती ह्यांच्याकडे वळली, कमरेत वाकली आणि पुस्तकातल्यासारखं अदबीने सगळं बोलली. मग ते रोजचंच झालं. शाळेत तिला नुकतीच आदरार्थी भाषा शिकवलेली, त्यामुळे मी काहीही बोलले तरी ती त्याला इस्त्री करूनच पुढे द्यायची. एकदा मी चिडून म्हटलं, “त्या ओंडक्याला सांग, पाणी तापलंय.” तर ही दारात गुडघे टेकून म्हणते, “माननीय ओंडकासाहेब, आपल्या स्नानाची सिद्धता झाली आहे.” हे उठले आणि म्हणाले, “त्यांना सांग, ओंडका तरंगतो, काळजी नसावी.” तेही तिने येऊन मला सांगितलं, वाकून. मी स्वयंपाकघरात हसू दाबायला तोंडात टॉवेल कोंबून उभी राहिले. पण बोलले नाही.

नोव्हेंबरात मंडळाने परदेशी मुलांच्या भाषणांचा कार्यक्रम ठेवला. विषय, इथे मी काय शिकलो. सगळं गाव जमलं. एक पोरगा चहाच्या विधीवर बोलला, एक मुलगी किमोनोवर. मग आमची उभी राहिली. म्हणाली, माझ्या घरी आईबाबा एकमेकांशी सरळ बोलायचे, म्हणजे ओरडायचे, आणि आता ते दोन गावांत राहतात. तोगाशींच्या घरात (म्हणजे आमच्या) नवराबायको एकमेकांशी थेट बोलत नाहीत. शब्द तिसऱ्या माणसाच्या हातून पाठवतात. वाटेत शब्दातला राग गळून जातो. हे मी माझ्या आईबाबांना शिकवलं. आता त्यांचे निरोप मी फोनवरून इकडचे तिकडे करते, आणि यंदा नाताळला आई बाबांकडे केक पाठवणार आहे.

ताई, एप्रिलपासून आमचं काय चाललंय ते अख्ख्या गल्लीला ठाऊक, आणि गल्ली दुसऱ्या रांगेत बसलेली. मी मान खाली घातली ती वर करवेना. त्यात मंडळाच्या अध्यक्षीण इगाराशीबाई (तुला आठवत असेल, प्रत्येक ठिकाणी पुढे) ध्वनिक्षेपकावरून विचारतात, “तोगाशीसान, ही आपल्या भागातली प्रथा आहे का हो? मी कधी ऐकली नाही.” सुन्निवा व्यासपीठावरून आमच्याकडे बघतेय, चेहरा हळूहळू लाल होतोय. तिला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं बोललो.

हे उठले. पतपेढीत तीस-पस्तीस वर्षं खोटा आकडा न लिहिलेला माणूस. कोट नीट केला आणि म्हणाले, “आमच्या घराण्याची जुनी रीत आहे. बाहेर फारशी कुणाला माहीत नाही. मुलीने अगदी बरोबर सांगितलं.” आणि बसले. टाळ्या आधी मागून आल्या, मग गल्लीकडून. तिला दुसरं बक्षीस मिळालं.

ती मैत्रिणींबरोबर नूडल्स खायला गेली आणि आम्ही दोघंच गाडीत. नदीवरच्या पुलावर आलो. मग ह्यांनी समोर बघत विचारलं, “साबण कमी लावला असता, तर?”

मी म्हटलं, “कोंडाच फेकल्यावर साबणाचं काय घेऊन बसलात?”

“मला तो खराब झालेला वाटला. वास येत होता.”

“त्याला तसाच वास येतो. माझ्या आईच्या स्वयंपाकघरालाही यायचा.”

ह्यांनी गाडी कडेला घेतली. वायपर बंद केला. मग म्हणाले, “मी आधी विचारायला हवं होतं.” एवढंच. मलाही एवढंच हवं होतं.

आता अडचण अशी की आमचं जमलंय, पण सुन्निवासमोर बोलता येत नाही. तिला कळलं तर तिकडे नॉर्वेतलं सगळं कोसळेल. म्हणून ती घरात असली की निरोप तिच्या हातीच, आणि आमचं बोलणं कचरा टाकायला जाताना नाहीतर बर्फ उपसताना. कचरा पूर्वी एकटे हे न्यायचे. आता दोघं जातो, आणि एकेक पिशवी वेगळी नेतो. परवा शेजारणीने बघितलं आणि तोंड फिरवून हसली. लग्नाआधीसुद्धा आम्ही इतकं चोरून बोललो नव्हतो.

तुझी धाकटी,
काझुए

ता. क. नव्या वर्षाच्या सुट्टीत सुन्निवाला दुसरं एखादं जपानी घर बघायचंय. तुझ्याकडे चार दिवस पाठवते असं मी सांगून बसलेय. खाण्याची चिंता करू नकोस, भात जास्त लाव.

ता. क. दोन. तिने विचारलं, ही रीत तुमच्या माहेरीही आहे का? आता मी काय सांगणार? हो म्हटलं. तेव्हा ते चार दिवस तू आणि भावोजींनी एकमेकांशी थेट बोलायचं नाही. काही हवं असेल तर तिला सांगा. कृपा करून एवढं कर.

ता. क. तीन. हे मागे उभं राहून वाचताहेत (सुन्निवा शाळेत आहे). म्हणतात, भावोजींना आधी विचारून घे, मला आता विचारून करायची सवय लागलीय. मी म्हटलं, उशीर झाला, कालच तिचं तिकीट काढलं.