बांधावरची गांडुळं

सोमवार, तिन्हीसांजेनंतर

आंबेनळी घाटात टँकर कलंडला आणि त्यातलं कच्चं तेल ओढ्यावाटे आमच्या ओलाव्याच्या भातखाचरात शिरलं. ते टिपायला आम्हीच पालापाचोळा पसरला होता. आता सासरे म्हणतात, "त्याच पाल्याचा राब भाजू. झकास पेटंल, नि तेलपण जळून जाईल."

भाताची रोपं टाकायच्या आधी जमीन दरवर्षी भाजतो, म्हणून यंदाही? अशी, तेलासकट?

आज मी तिथं कुदळ मारली. माती काळी, चिकट. वासानं डोकं उठलं. आणि गांडुळं... सगळी बांधावरच्या तापल्या दगडावर येऊन मेलेली. गांडूळ उन्हाला किती भितं! मग खाली असं काय झालं असेल, की त्यांना तो दगड बरा वाटला?

मामंजींना सांगितलं, तर भडकले. "किड्यांपायी शेत पडीक ठेवू काय गो?"

किडे म्हणे! माती भुसभुशीत कोण करतं मग? तो दगड काही डोळ्यांपुढून हलत नाही.

उद्या सकाळी राब पेटवायचाय. मघाशी त्यांनी विचारलं, "काडेपेटी कुठं हाय?" मी म्हटलं, "सापडत नाय."

ती माझ्या कमरेला खोचलेली आहे. देवापुढं आज दिवा लागला नाही.