सात कप्प्यांची डबी

५ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू रंधा मारून केलेली सात कप्प्यांची डबी शिलाई मशीनशेजारीच ठेवली आहे. तू बजावलंस तशी थायरॉइडची गोळी आणि तू पाठवलेल्या कॅल्शियमच्या, लोहाच्या गोळ्या उठल्याउठल्या एकाच घोटात घेते. तुझी विसरभोळी बहीण एकही वार चुकली नाही!

पण दादा, डॉक्टरीणबाईंनी थायरॉइडची गोळी दोनदा वाढवली, तरी अंग शिशासारखं जड. काल काजं करता करता डोळा लागला. गिऱ्हाईक हसलं, मला रडू आलं. महिनाअखेर दुकान बंद करावं म्हणते. मशीनला कुणी घेणारा बघशील?

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझी चिमणी

११ जानेवारी

चि. चिमणीस,
अ. आ.

मशीन विकायची भाषा काढलीस तर कान उपटीन.

तुझं पत्र घेऊन औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, सगळ्या गोळ्या एकदम घेते का? मी छाती फुगवून म्हटलं, हो, डबी मीच केली आहे. तो हसला नाही. म्हणाला, कॅल्शियम आणि लोह थायरॉइडच्या गोळीला पोटातच अडवून धरतात, अंगी लागू देत नाहीत. मध्ये निदान चार तास हवेत.

चिमणे, जन्मभर खुणेची पेन्सिल कानावर ठेवून फिरलो आणि इथे खूण न करताच करवत चालवली. तीही तुझ्यावर.

आजच बाईंकडे जा. मनाने काही करू नकोस. आता गोळी नीट लागू पडली, तर वाढवलेली जास्त व्हायची, असंही तो म्हणाला.

रागाव, पण पत्र धाड.
दादा

२ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बाईंनी पूर्वीही विचारलं होतं, दुसरं काही घेता का? मी नाही म्हटलं होतं. दादाने पाठवलेलं ते औषध कसं? तो खाऊ!

या वेळी सगळं सांगितलं. त्यांनी गोळी कमी केली. ती एकटीच पहाटे उपाशीपोटी. खाऊच्या वेळा त्यांनी दुपारनंतर लावून दिल्या. काल तपासणीचा कागद आला. बाई म्हणाल्या, आता ठीक. खाऊसाठी तू मागाहून करून पाठवलेली दुसरी डबी स्वयंपाकघरात ठेवली आहे, पहिलीपासून चांगली वीस पावलं लांब.

दुकान उघडं आहे. अंग हलकं झाल्यावर पहिला सदरा तुझाच शिवला. खिसा मुद्दाम अरुंद आहे, पेन्सिलीपुरता. कान मोकळा ठेव, बोलणी खायची आहेत: महिनाभर खाऊ का नाही धाडलास? धाड. आधी बाईंना दाखवीन, मग खाईन.

माया कमी नको, फक्त वेळेवर.
तुझी चिमणी