माझ्या ट्रेलवरचे दगड

२ नोव्हेंबर
ठरलं. टेकडीवरच्या फॉसिल पार्कचा ट्रेल प्रमुख मीच होणार.

समितीने दोन वाटा आखायला सांगितल्या आहेत. नाल्याकाठची हेमराज आखणार, टेकडीच्या धारेवरची मी. सात डिसेंबरला गडचिरोलीहून वनखात्याचे साहेब पाहुणे घेऊन येतील, दोन्ही वाटा चालतील. ज्याची वाट पसंत, तो प्रमुख. टोपी, शिट्टी, गळ्यात ओळखपत्र. भद्रावतीच्या फॅक्टरीत मी सुपरवायझर होतो तेव्हा माझ्या एका हाकेवर अख्खं शेड गप्प व्हायचं. रिटायर होऊन मंजुषाच्या माहेरी, या सिरोंच्याकडच्या गावात राहायला आलो, तेव्हापासून माझं कोंबडीही ऐकत नाही. साठी उलटली तरी सगळ्या गावाचा मी नुसता जवाई. मला हे पद हवं आहे. फार हवं आहे.

हेमराज हा मंजुषाचा धाकटा भाऊ. आतल्या गाठीचा माणूस. काहीही बोला, याचं उत्तर एकच, तुमी म्हणान तसं, भाऊजी. अशा माणसाचा भरवसा धरू नये.

४ नोव्हेंबर
संकल्प. पहाटे पाचला टेकडी. चहा एकदाच. हेमराजशी अबोला.

साडेआठला उठलो. चहा तीनदा झाला, कारण थंडी आहे. हेमराजशी बोललो, पण टोचून बोललो.

६ नोव्हेंबर, दुपार
यूट्यूबवर परदेशातल्या एका डोंगरी पार्कचा व्हिडिओ पाहिला. पाइनचं जंगल, मधूनमधून फॉसिल, आणि वाट दाखवायला बोर्ड वगैरे काही नाही. वळणावळणावर दगडांचे ढीग रचलेले, बस्स. याला म्हणतात क्लास. आपल्याकडे पाइन नाही, साग आहे. पण दगड झालेली झाडांची खोडं आमच्या टेकडीवर हवी तेवढी पडली आहेत. पाइनवाचून काही अडत नाही.

हेमराज नाल्यावर बाणाच्या पाट्या ठोकतो आहे. दरिद्री कल्पना.

९ नोव्हेंबर
पहिला ढीग रचला. कमरेएवढा. फॉसिलला हात लावला नाही, नियम मला कळतात. पाठीत चमक भरली.

गावातली आशाबाई मोळी घेऊन वरून येत होती. ढीग पाहून थबकली. मोळी उतरवली, एक दगड उचलून ढिगावर ठेवला, हात जोडले आणि खाली मान घालून निघून गेली. या गावात माझ्या कामाला कुणी हात जोडायची ही पहिलीच वेळ. डोळ्यांत पाणी आलं. धूळ फार आहे तिथे.

१३ नोव्हेंबर
पाच ढीग उभे. आणि ते आपोआप वाढताहेत! येणारा-जाणारा प्रत्येक जण दगड ठेवतो, कुणी पाल्याची डहाळी ठेवतो. याला लोकसहभाग म्हणतात. हेमराजच्या पाटीला कुणी एक खिळा तरी ठोकला का?

मंजुषा म्हणाली, काऊन ढीग रचून राह्यले तुमी, बाया मले विचारते. म्हटलं, तुझ्या भावाचं पोट दुखतंय, ते सांग त्यांना. ती म्हणाली, आयकून तर घ्या. म्हटलं, ट्रेलमधलं तुला काय कळतं. ताट न वाढता निघून गेली. हाताने घेतलं. भाजीत मीठ नव्हतं. मुद्दाम.

१८ नोव्हेंबर
टेकडीवर चिटपाखरू नाही. गुराखी येत नाहीत, सरपणाला बायका येत नाहीत. ट्रेल मोकळा राहावा म्हणून गावाने आपण होऊन जागा सोडली. शिस्त लावावी लागते, मग लागते.

समितीचे अध्यक्ष उमाजी रस्त्यात भेटले. म्हातारा माणूस. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, जवाईबापू, आणखी ढीग होतीन का जी? म्हटलं, होणारच, साहेब येईपर्यंत धार भरून काढतो. ते कपाळाला हात लावून ओट्यावर बसले. शुगर असावी.

२५ नोव्हेंबर
दिवस मावळताना हेमराज टेकडीवर आला. सोबत चार माणसं, हातात काठ्या आणि रिकामे डबे. म्हणाला, एकट्यानं नोका येत जाऊ इथी, भाऊजी. डाव ओळखला. त्याला माझी वाट चोरून पाहायची आहे. चांगला फैलावर घेतला आणि हाकलून दिला. तरी ते थोडं अंतर ठेवून गावापर्यंत डबे बडवत माझ्या मागे आले. हा सरळ सरळ छळ आहे. तक्रार करणार.

तक्रार उद्या. आज डोकं दुखतंय.

३ डिसेंबर
सत्काराला उत्तर देण्याचं भाषण तयार. आरशासमोर दोनदा म्हटलं. निवड झाल्यावर हेमराजला माफ करणार. त्याला सहायक नेमीन. पाहुण्यांचं पाणी वाहील.

७ डिसेंबर, पहाट
आज. बूट पॉलिश केले. मंजुषा पुन्हा काहीतरी सांगायला आली. म्हटलं, संध्याकाळी प्रमुखाशी बोल.

७ डिसेंबर, संध्याकाळ
लिहावंसं वाटत नाही.

हेमराजचा नाला झाला. पाहुण्यांनी फोटो काढले. मग माझी धार. पाहुण्यांच्या गाडीचा ड्रायव्हर, खुशाल नावाचा, अहेरीकडचा. पहिल्या ढिगापाशी त्याने चप्पल काढली आणि दगड ठेवला. दुसऱ्यापाशी पुन्हा. तिथून पुढची सगळी धार दिसते. ती बघून तो साहेबांना म्हणाला, सर, मी पुढं येत नाई. तुमीबी जाऊ नोका. साहेबांनी कारण विचारलं. त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. जंगलात वाघानं माणूस मारला, का त्या जागी दगडाचा ढीग करते. जानारा-येनारा एकेक दगड ठेवते. इथी तं ढीगच ढीग दिसून राह्यले.

पाहुण्यांतल्या एक बाई रडायलाच लागल्या. बाकीचे पळाले. फॉसिलकडे कुणी वळूनही पाहिलं नाही.

साहेब उमाजींवर ओरडले. एवढी माणसं गेली आणि मला कळवलं नाही? उमाजी म्हणाले, एकबी नाई गेला, साहेब, पन ढीग दिसला का लोकं भेते. मग हे काय आहे? सगळे माझ्याकडे बघायला लागले. उमाजी खाली बघत म्हणाले, गावचे जवाई हायेत, त्याईले तोंडावर कसं म्हनाव.

मी परदेशी पद्धत समजावून सांगत होतो, पण तोवर टोपी हेमराजच्या डोक्यावर गेली होती. वर साहेबांचा हुकूम. ज्याने रचले त्यानेच ढीग काढायचे.

हे सगळं गाव नालायक आहे. महिनाभर माहीत होतं आणि एकानेही सांगितलं नाही. मंजुषा सांगत होती, पण तिची सांगायची पद्धत चुकीची आहे.

८ डिसेंबर
सकाळी एकटाच वर गेलो. मदतीला कुणी येईना. वाहिलेला दगड काढत नसतात म्हणे. अंधश्रद्धा. मोठ्या ढिगावरचा दगड उचलला. तेवढ्यात सागाच्या पाचोळ्यात काहीतरी वाजलं. दगड जिथल्या तिथे ठेवला. हात जोडले. पुन्हा वाजलं. आणखी एक दगड ठेवला. मग पाय हलेनात. माकड असणार, नक्की माकडच. पण मी हेमराजला फोन लावला.

तो धावत आला. टोपी वाटेत कुठे पडली होती, दम लागला होता. चाला म्हणाला. मी चाललो.